रेडियमच्या दुकानात हिटलर

वाचकाचं पत्र:

"स.न.वि.वि. अंबाजोगाईत माझं रेडियम कटिंग आणि टी-शर्ट प्रिंटिंगचं दुकान आहे. कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये हिटलरचा फोटो, विजेसारखं दिसणारं एसएस, हेल्मेट घातलेली कवटी, तिरकं स्वस्तिक असलं काही घेऊन येतात आणि बुलेटच्या टाकीवर लावून मागतात. मी आजवर देत आलो. परवा एक सर दुकानात आले, म्हणाले, हे छापणं बंद करा. पोरांना विचारलं तर म्हणायलेत, त्यानं देश उभा केला, बेरोजगारी संपवली, शिस्त लावली, नेताजींना मदत केली. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातंय. आपलं स्वस्तिक तर मी रोज कापतो, मग ह्यातला फरक ओळखायचा कसा? कायदा काय म्हणतो? आणि बहिणीचं पोरगं जर्मन शिकायलंय, तिकडं नोकरीला जाणार आहे. त्याच्याही मोबाइल कव्हरवर हेच आहे. त्याला काय सांगू?"

दुकानदार बंधू,

सर बरोबर सांगून गेले. हे छापणं बंद करा. पण "चालत नाही" एवढ्यावर पोरं ऐकणार नाहीत आणि तुमचाही त्यावर विश्वास बसणार नाही. म्हणून आधी ओळख, मग कारण, मग दुकानाची रीत, या क्रमानं जाऊ.

आपलं स्वस्तिक उजवीकडं वळतं आणि हिटलरचं डावीकडं, असं सगळीकडं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. दोन्हींचे हात एकाच बाजूला वळतात. दिशा बघून ठरवायला गेलात तर नेमकी नको ती फाइल बरोबर समजून प्लॉटरला, म्हणजे कापायच्या मशीनला, लावाल. हिटलरच्या पक्षानं १९२० साली घेतलेल्या झेंड्यात चार गोष्टी एकत्र येतात. कापड लाल, मधे पांढरा गोल, गोलात काळं चिन्ह, आणि ते चिन्ह ४५ अंशांत तिरकं, म्हणजे कोपऱ्यावर उभं केलेलं. हात सरळ, जाड, एकसारख्या रुंदीचे. टिंबं नाहीत. १५ सप्टेंबर १९३५ ला हाच झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरला आणि त्याच दिवशी, त्याच न्यूरेंबर्ग शहरात, ज्यू लोकांचं नागरिकत्व काढून घेणारा कायदा झाला. तिरकेपणाही एकटा धरून चालू नका, कारण हिटलरच्या स्वतःच्या खास ध्वजावर ते चिन्ह सरळ उभं होतं. रंग, गोल, हातांची जाडी आणि टिंबं हे सगळं मिळून बघायचं.

आपलं स्वस्तिक कापताना चारही घरांत टिंबं ठेवा, हातांची टोकं थोडी बाहेर वळवा, रंग कुंकवाचा लाल, केशरी किंवा पिवळा घ्या. गाडीला काळं स्वस्तिक कापून देऊ नका, आणि लाल पट्टीवर पांढरा गोल टाकून त्यात तर ते कधीच बसवू नका. चूक बहुतेक वेळा दोन जागी होते. मटेरियल वाचवायला आपण डिझाइन फिरवून रोलवर बसवतो, आणि चिकटवणारा पोऱ्या ते तसंच तिरकं लावून टाकतो. दुसरी जागा बुलेटची टाकी. तिचा उतार धरून चिकटवलं की सरळ स्वस्तिकही कोपऱ्यावर उभं राहतं. ट्रान्सफर पेपरवर पेनानं "वर" लिहून बाण काढून ठेवला तर दोन्ही टळतं.

बाकीच्या खुणा बहुधा तुम्हाला नकळत येतात. पोरगं काहीतरी भारी दिसणारं डाउनलोड करतं, फाइलीचं नाव "व्हायकिंग" नाहीतर "बायकर स्कल" असतं, आणि आत भलतंच निघतं. विजेच्या दोन टोकदार रेघा शेजारी शेजारी, हे एसएसचं चिन्ह. एसएस म्हणजे छळछावण्या चालवणारी हिटलरची संघटना. तिची कवटी साध्या धोक्याच्या चिन्हापेक्षा वेगळी असते. तिला खालचा जबडा असतो, चेहरा किंचित वळलेला असतो, आणि आडवी हाडं हनुवटीखाली नसून कवटीच्या मागं असतात. बारा वाकड्या आऱ्यांचं काळं चक्र दिसलं तर तो "काळा सूर्य". जर्मनीतल्या वेवेल्सबुर्ग किल्ल्यात एसएसनं जमिनीवर तो करून घेतला होता, आणि आज जगभरचे नवे नाझी तो गोंदवून घेतात. ८८ हा आकडा त्यांच्यात "हाइल हिटलर" म्हणून चालतो, कारण इंग्रजीत एच हे आठवं अक्षर. अर्थात १९८८ ला जन्मलेला माणूस क्रिकेटच्या जर्सीवर ८८ मागणारच, तिथं संशय घेऊ नका. आकडा अशाच दुसऱ्या खुणेच्या शेजारी आला तरच तो त्या अर्थाचा. लोखंडी क्रॉस हे चिन्ह १८१३ पासून प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचं आहे, नुसता क्रॉस असेल तर हरकत नाही. त्याच्या मधोमध स्वस्तिक आणि खाली १९३९ असेल तर नको. जर्मन हेल्मेटचंही तसंच, ते पहिल्या महायुद्धातलं आहे, त्याच्या कडेला काय चितारलंय ते बघा. प्रत्येक फाइल स्क्रीनवर मोठी करून कॉलर, टोपी, पट्टा तपासा. बारीक खुणा तिथंच लपतात.

आता पोरांना हे का आवडतं, ते समजून घ्या. फोटो उठावदार आहेत, आणि ते तसेच व्हावेत म्हणून खर्च केलेला होता. हाइनरिश हॉफमन हा हिटलरचा खास फोटोग्राफर. त्यानं १९२० च्या दशकात हिटलरची एक मालिका काढली. हात उंचावलेला, मूठ आवळलेली, डोळे वटारलेले. समोर सभा नव्हती. कोणता हावभाव कसा दिसतो हे बघण्यासाठी खोलीत काढलेले ते सरावाचे फोटो होते, आणि हिटलरनं ते त्या काळी छापू दिले नाहीत. १९३४ च्या त्याच्या पक्षाच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर जो चित्रपट झाला त्यासाठी तीसच्या आसपास कॅमेरे लावले होते. त्या मेळाव्यांत विमानविरोधी सर्चलाइट शंभराहून जास्त उभे करून आकाशात प्रकाशाचे खांब केले. १९३३ साली ७६ मार्कांचा स्वस्त रेडिओ काढला, तो हिटलरचा आवाज घराघरांत नेण्यासाठी. आज रीलमध्ये ठेका लावून फिरतं ते सगळं याच साठ्यातलं. पोरगं त्याला इतिहास समजतं, पण त्या राजवटीनं स्वतःची केलेली ती जाहिरात आहे. तुमच्या प्रिंटरवर ती आणखी एकदा निघते.

जाहिरातीत काय नव्हतं, हे पोरांना सांगायचं. बेरोजगारीपासून सुरू करा, कारण आपल्या भागातल्या पोराला तो मुद्दा खरोखर टोचतो.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते, हे खरं. पण मंदी तोवर उतरणीला लागली होती आणि सरकारी कामांच्या योजना आधीच्या सरकारांनी सुरू केल्या होत्या. मोठ्या रस्त्यांचं श्रेय त्याला देतात, पण कोलोन ते बॉन हा महामार्ग ६ ऑगस्ट १९३२ ला कोनराड आडेनाउअर या महापौरानं खुला केला होता. महामार्गांवर एका वेळी जास्तीत जास्त सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती, म्हणजे ६० लाखांपुढं फार थोडी. आकडा उतरला तो दुसऱ्याच वाटांनी. बायकांना नोकरी सोडून घरी बसायला लावलं. ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं आणि बेकारांच्या यादीत धरलं नाही. १९३५ पासून तरुणांना सक्तीनं कामगार दलात आणि सैन्यात नेलं. शस्त्रांचे कारखाने कर्जावर धावत होते, आणि ते कर्ज लपवायला एका कागदी कंपनीच्या नावानं सुमारे १,२०० कोटी मार्कांच्या हुंड्या काढल्या होत्या. हा हिशोब युद्धाशिवाय मिटणारा नव्हताच. २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, मग पगार वाढवून मागणार कोण?

दुसरी गोष्ट मोटारीची. ही मराठवाड्यात कुणालाही एका दमात कळेल. हिटलरनं प्रत्येक कामगाराला ९९० मार्कांत मोटार देतो म्हणून सांगितलं. आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, वहीत चिकटवायचं, वही भरली की गाडी. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले. युद्ध लागलं, कारखान्यात लष्करी गाड्या निघायला लागल्या, आणि त्या योजनेतून एकाही ठेवीदाराला मोटार मिळाली नाही. ठेवीदार कोर्टात गेले. १९६१ साली तडजोड झाली, नव्या गाडीवर थोडी सवलत नाहीतर किरकोळ रोख रक्कम. बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात पासबुक घेऊन उभी राहिलेली माणसं आपण पाहिली आहेत, तीच ही गत. पोरांना भाषण देऊ नका, हा हिशोब सांगा.

शिस्त म्हणाल तर, सत्तेवर येऊन दोन महिने व्हायच्या आत, २२ मार्च १९३३ ला, दाखाऊची छळछावणी सुरू झाली. पहिले कैदी विरोधी पक्षांचे कार्यकर्ते होते. ३० जून १९३४ ला त्यानं स्वतःच्याच पक्षातल्या जुन्या साथीदारांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. १४ जुलै १९३३ च्या कायद्यानं अपंग, मिरगी असलेले, मानसिक आजारी अशा सुमारे ४ लाख लोकांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. पुढं दवाखान्यांतल्या सत्तर हजारांवर रुग्णांना ऑगस्ट १९४१ पर्यंत विषारी वायूनं मारलं, कारण त्यांच्यावर होणारा खर्च फुकट वाटत होता. ज्याच्या घरात एखादं अपंग लेकरू आहे, त्यानं हा फोटो गाडीवर कसा मिरवावा? त्यानंतर साठ लाख ज्यू. आणि रोमा लोक, ज्यांचे पूर्वज भारतातून गेले आणि ज्यांची भाषा आपल्या भाषांच्या घराण्यातली आहे. त्यातले लाखो मारले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झमध्ये त्यांच्या छावणीतली उरलेली हजारो माणसं, बहुतेक बायका, लेकरं आणि म्हातारे, एका रात्रीत संपवली. स्वतःला आर्य समजून हिटलरवर प्रेम करणाऱ्या पोराला ही एक गोष्ट नक्की सांगा.

भारताबद्दल त्याचं मत काय होतं, हे त्यानं लपवलं नाही. "माइन काम्फ" या स्वतःच्या पुस्तकात त्यानं स्वातंत्र्य मागणाऱ्या भारतीयांची टिंगल केली आहे आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असं लिहिलं आहे. १९ नोव्हेंबर १९३७ ला भेटायला आलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सना, म्हणजे भारताच्या माजी व्हाइसरॉयना, त्यानं गांधींना गोळी घालण्याचा सल्ला दिला. तिथं हजर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते लिहून ठेवलं आहे. नेताजींबद्दल पोरं अर्धं सांगतात. सुभाषबाबू मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले, तेव्हा त्या पुस्तकातल्या भारताविषयीच्या मजकुराचा विषय त्यांनी तोंडावर काढला. स्वतंत्र भारताला पाठिंबा जाहीर करा ही त्यांची मागणी होती, ती हिटलरनं मानली नाही. शेवटी फेब्रुवारी १९४३ मध्ये ते पाणबुडीतून पूर्वेकडं निघाले. इंग्रजांशी लढायला जे मिळेल ते हत्यार त्यांनी हातात घेतलं, हिटलरची पूजा केली नाही.

एवढ्यावरही एखादा म्हणेल, ते सगळं लांबचं, आपल्याला काय त्याचं. त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं पाठवा. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते कशाचं? मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याचं. लातूरचा वकील कासिम रझवी यानं निजामाच्या बाजूनं रझाकारांची खासगी फौज उभी केली होती. गणवेश, कवायत, जोशिली भाषणं सगळं होतं, आणि त्या फौजेनं गावं जाळली. आज कुणी रझवीचं स्टिकर बुलेटवर लावून अंबाजोगाईत फिरेल का? लावलं तर ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना काय वाटेल, ते पोरांना लगेच कळतं. आणि हेही सांगा की १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूड म्हणून हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. एका समाजाला शत्रू ठरवलं की पुढं काय होतं, हे आपल्या मातीला दोन्ही अंगांनी माहीत आहे. ज्यू माणूस अंबाजोगाईत राहत नाही, म्हणून त्याचं दुःख कमी भरत नाही.

"खंबीर नेता पाहिजे" म्हणणाऱ्या पोराला बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण वाचायला द्या. धर्मातली भक्ती मुक्तीकडं नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि अखेर हुकूमशाहीकडं नेते, असं त्यांनी तिथं स्वच्छ सांगितलं आहे.

"हिटलरचे विचार" म्हणून स्टेटसवर फिरणाऱ्या ओळी तर छापूच नका. काही ज्यू मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे मी का मारले ते जगाला कळेल, असं एक वाक्य फार फिरतं. त्याच्या भाषणांत, लेखनात त्याचा पत्ता नाही. हल्ली त्याची भाषणं संगणकानं इंग्रजीत बोलती करूनही फिरतात, त्यांतले निवडक तुकडे ऐकून माणूस शहाणा वाटतो. मात्र एखाद्या कडक मास्तरला पोरं हिटलर म्हणतात, त्यावरून भांडण काढू नका. ती बोलायची सवय आहे. गॅदरिंगच्या नाटकात खलनायक म्हणून हिटलर असेल तर बॅनर करून द्या. फॅन्सी ड्रेसला पाच वर्षांच्या लेकराला मिशी लावून हात वर करायला शिकवत असतील, तर आईबापांना बाजूला घेऊन सांगा.

दुकानाची रीत अशी ठेवा. ॲडव्हान्स घ्यायच्या आधी फाइल बघायची. एकदा पैसे घेतले, डिझाइन कापून जादा रेडियम सोलून झालं की नाही म्हणणं जड जातं आणि मटेरियलही जातं. काउंटरवर एक ओळ लावा: "द्वेषाची आणि छळछावण्यांची चिन्हं इथं छापून मिळत नाहीत." मित्रांसमोर पोराला झापू नका, तो हट्टाला पेटतो. त्याला पर्याय द्या. त्याला भुरळ घालतं ते लाल-काळा-पांढरा यांचं टोकदार जुळणं आणि ठसठशीत आकार. त्याच्या नावाचं आद्याक्षर, वाघ, घोडा असं काही त्याच ताकदीनं बसवून दाखवलं की बहुतेक जण तेच घेऊन जातात. कॉरेलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, असं पाच-सहा तयार ठेवा. आणि समोरच्या दुकानदाराशी एकदा चहावर बोला. गावातल्या रेडियमवाल्यांनी मिळून ठरवलं तर गिऱ्हाईक तुटायचा प्रश्न राहत नाही. तो नाहीच म्हणाला तर महिन्याचे चार-दोन स्टिकर जातील, ते जाऊ द्या. जुन्या फाइली संगणकातून आणि पेनड्राइव्हमधून काढून टाका, नाहीतर तुम्ही नसताना पोऱ्या छापून देईल.

कायद्याचं थोडक्यात. भारतात नाझी चिन्हांवर वेगळी बंदी नाही. पण चिन्हासोबत एखाद्या समाजाविरुद्ध मजकूर असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू शकतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अशा वेळी गुन्हा गिऱ्हाइकापुरता राहील, या भरवशावर छापू नका.

भाच्याचं मात्र आजच बघा. महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडची बरीच पोरं तिकडं जायची तयारी करायलेत, आणि हे त्यांना वर्गात कुणी सांगत नाही. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ प्रमाणे ही चिन्हं चारचौघांत दाखवणं, वाटणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. मोबाइलचं कव्हर, ग्रुपवर टाकलेलं चित्र, डीपी हे सगळं त्यात येऊ शकतं. हात वर करून केलेला सलामही येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनला संसदेसमोर दोन चिनी पर्यटकांनी गंमत म्हणून तसा फोटो काढला, तर पोलिसांनी धरलं आणि प्रत्येकी ५०० युरो जामीन भरून सोडलं. कव्हर बदलायला लावा, जुने स्टेटस, रील, पोस्ट शोधून काढून टाकायला सांगा. नोकरी देणारे खाती बघतात.

आपलं धार्मिक स्वस्तिक तिथं गुन्हा ठरत नाही, पण शेजाऱ्याला फरक माहीत नसतो आणि त्याच्या आजीआजोबांनी ते काय रूपात पाहिलं हे आपण विसरू नये. बॅगेवर, गाडीच्या बॉनेटवर, खिडकीवर ते काढू नये. गाडीची पूजा केली तर ॐ किंवा श्री पुरे. देवघरातलं स्वस्तिक देवघरात राहू द्या, दिवाळीला दाराबाहेरच्या रांगोळीत कमळ नाहीतर लक्ष्मीची पावलं काढावीत.